रूढी, पंचायत आणि सरकार : १८२७ च्या मुंबई कायद्यांच्या निमित्ताने

कायदा लोकजीवनातून आपोआप उद्भवतो की शासनसंस्था तो घडविते, हा न्यायशास्त्रातील जुना वाद होय. जर्मन पंडित साविन्यी याने १८१४ मध्ये पहिल्या पक्षाचा पुरस्कार केला. उलट, कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, असे ऑस्टिन याने १८३२ मध्ये प्रतिपादिले. या दोन सालांच्या दरम्यान महाराष्ट्रात जे घडले, त्यावर हा वाद पारखून पाहणे उद्बोधक ठरेल.

पेशवाईतील न्यायदान वरवर पाहता साविन्यीचा पक्ष खरा वाटतो. पेशव्यांनी दिवाणी कायद्याची संहिता केली नव्हती. वतन, वाटणी, दत्तक यांविषयीचे तंटे गोतसभेत वा पंचायतीत, शास्त्राचा आधार घेऊन पण पुष्कळदा वहिवाटीप्रमाणे तुटत. तथापि कागदपत्रे बारकाईने वाचली म्हणजे सरकारचा हात जागोजाग दिसतो. निवाडा मान्य करू, असे राजीनामे व जामीन उभय पक्षांकडून आधीच घेतले जात. निवाड्यानंतर जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई. बहिष्काराचे शस्त्र जातीच्या हाती होते हे खरे. पण ग्रामण्याचे वादही पेशव्यांच्या दरबारापर्यंत जात. रूढी कोणती हे पंच सांगत. तिला बंधनकारकता मात्र सरकारच्या पाठबळाने येई.

या अनुमानाची कसोटी १८१८ नंतर लागली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष नमूद करूनही ती टिकवावी असाच अभिप्राय दिला. पंचायती बंद कराव्यात असा हुकूम निघाला नाही. परंतु जुन्या सरकारचे पाठबळ गेले, शेजारी अदालती उघडल्या, आणि थोड्याच वर्षांत लोक पंचायतीकडे पाठ फिरवू लागले. जी संस्था निव्वळ लोकजीवनातून उभी होती असे मानले जाते, ती सत्तेचा टेकू निघताच ढासळली.

१८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने निर्णयाचा क्रम ठरवून दिला : प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे, नंतर देशरिवाज, त्यानंतर प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटी न्याय, समता व सदसद्विवेक. रिवाजाचे स्थान आता सरकारने नेमून दिलेले होते. त्याच वर्षी आर्थर स्टील याचा दख्खनच्या हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा संग्रह प्रसिद्ध झाला. पंच प्रसंग पाहून रूढीला थोडेफार वळण देऊ शकत; छापलेली रूढी मात्र नोंदीच्या क्षणाशीच खिळून राहिली. शिवाय माहिती देणारे मुख्यतः पुण्याचे शास्त्री व जातींतील प्रमुख मंडळी होती. विधवेचा किंवा मुलीचा वारसा किती, हेही पुरुषांनीच सांगितले.

तात्पर्य, रूढीची उत्पत्ती आणि तिची कायदा म्हणून मान्यता या दोन भिन्न क्रिया होत. पहिली समाजात घडते. दुसरीत कोणाची रूढी ग्राह्य धरावयाची, याची निवड सत्ता करते. म्हणून स्टीलच्या संग्रहाला पेशवाईतील लोकरूढीचा निर्मळ आरसा समजणाऱ्या अभ्यासकाने प्रथम हे विचारावे, की प्रश्न कोणी केले व उत्तरे कोणाची नोंदली गेली.