शाळा अंगणात गेली तेव्हा

वर्गातलं नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार भिंती येतात. समोर फळा, रांगेत मुलं आणि हुकूम शिक्षकाचा. पण मुलं वर्गात आलीच नाहीत तर? मग नेतृत्व करायचं कुणाचं? आज आपण हा प्रश्न बोर्डी आणि कोसबाडच्या इतिहासाला विचारणार आहोत.

ताराबाई मोडक राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. तिथून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरी पद्धतीत मूल साधनं हाताळत स्वतः शिकतं, शिक्षक मागे राहून निरीक्षण करतो. म्हणजे हुकूम सोडणं, हा पहिला बदल इथे झाला.

दुसरा बदल याहून अवघड होता. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी उघडली खरी, पण गरीब वस्त्यांतली मुलं येईनात. आता बघा, मागे बसून निरीक्षण करायला समोर मूल तर हवं! तेव्हा शाळाच वस्तीवर गेली. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया आल्या.

इथे शिक्षिकेचं स्थानच बदलतं, हे आपण नीट लक्षात घेतलं पाहिजे. वर्गात ती यजमान असते, अंगणात ती पाहुणी. आधी आईचा विश्वास मिळवायचा, मग मुलाचा.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारल्यांची मुलं गुरं राखायला जायची. म्हणून शाळा कुरणात भरू लागली, तीच कुरणशाळा. वेळापत्रक घंटेनं नव्हे, गुरांनी ठरवलं. पण म्हणून शिकवणं सैल झालं असं नाही. काय शिकवायचं ते शिक्षकानं ठरवलं. कुठे आणि केव्हा, हे मुलांच्या जगण्यानं.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. शब्द सरकारी आदेशानं पोचतो. पाहुणं होण्याची तयारी मात्र प्रत्येक शिक्षकाला स्वतःच करावी लागते. आजही एखादं मूल शाळेत येईनासं झालं की आपण त्याची गैरहजेरी मांडतो. ताराबाई-अनुताईंनी त्याच्या घराची वाट धरली होती.