उष्ट्या-खरकट्याचे अर्थशास्त्र : इंग्लंडच्या मजुराचे डुक्कर

#थ्रेड #इतिहास

१/
आज ब्रिटनमध्ये कोणी हौसेने दोन डुकरे पाळायची ठरवली, तर पिले आणण्यापूर्वी आपल्या जागेची सरकारदरबारी नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. डुक्कर एकच असले तरी नियम हाच. आणि पहिली सक्त ताकीद अशी, की ज्या स्वयंपाकघरात दूध-मांस येते, तेथील बटाट्याचे सालही डुकरापुढे टाकायचे नाही. शतकानुशतके ज्या देशात डुक्कर पाळणे म्हणजेच खरकटे सत्कारणी लावणे होते, तेथे ही वेळ कशी आली?

२/
प्रारंभ जंगलातून होतो. १०८६ साली विल्यम राजाच्या आज्ञेने इंग्लंडची जी मोजदाद झाली, ती ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीत अनेक ठिकाणी जंगलाचे माप एकरांत नाही, तर डुकरांत दिले आहे : या रानात इतकी डुकरे पोसली जातील. शरद ऋतूत ओक आणि बीच वृक्षांची फळे खाली पडत आणि गावकरी आपली डुकरे चरायला सोडत. या हक्काला ‘पॅनेज’ म्हणत. जे माणसाच्या पोटाला चालत नाही, त्याचे मांस करून देणारा प्राणी, ही डुकराची खरी किंमत होती.

३/
आपल्याकडे शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात. इंग्लंडच्या मजुराच्या घरी तो मान डुकराचा होता. गाईला कुरण लागते आणि तिला वर्षाला एकच वासरू होते. डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. एका वेतात आठ-दहा पिले सहज होतात. त्यामुळे मजुराला स्वतः वीण करण्याची गरज नसे. दूध तुटलेले पिलू विकत घ्यावे, उन्हाळाभर वाढवावे आणि थंडी पडली की कापून मिठात मुरवावे, असा वर्षाचा क्रम असे.

४/
मात्र हा क्रम गायरानावर उभा होता. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने सुमारे ५,२०० कायदे करून जवळपास ६८ लाख एकर सामायिक आणि खुली जमीन खासगी कुंपणात घातली. ज्यांचा चराईचा हक्क कागदावर नव्हता, त्यांच्या हाती काहीच उरले नाही. गाय गेली, सरपण गेले, रानातली चराई गेली. टिकले ते डुक्कर, कारण ते परसातल्या चार हात खुराड्यात मावत होते. पण आता त्याचे पोट रानाने नव्हे, घराने भरायचे होते.

५/
या वळणावर विल्यम कॉबेट येतो. १७६३ साली सरे परगण्यातील फार्नम येथे जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा पुढे सैनिक आणि नंतर सत्ताधाऱ्यांना धारेवर धरणारा पत्रकार झाला. १८२१-२२ मध्ये त्याने मजुरांसाठी ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक लिहिले. पाव कसा भाजावा, बिअर कशी गाळावी, गाय कशी ठेवावी, यांबरोबरच त्यात डुक्कर कसे पाळावे याचेही धडे आहेत.

६/
नवख्या पाळणाऱ्याला कॉबेटचा सल्ला नेमका होता. हिवाळा सरताना किंवा वसंतात चार महिन्यांचे पिलू घ्यावे, म्हणजे कापण्याच्या हंगामापर्यंत ते वर्षाचे होते. उन्हाळ्यात बागेतला पालापाचोळा आणि घरातले उरलेसुरले घालावे. अखेरच्या टप्प्यात मात्र जवाचे पीठ घालून चांगले पुष्ट करावे. अर्धवट पोसलेले डुक्कर कापण्यात काटकसर नाही, नुकसानच आहे, असे त्याचे मत. केस काढण्यासाठी उकळते पाणी ओतण्यापेक्षा पेंढा पेटवून ते जाळणे तो पसंत करी.

७/
पण हे नुसते पाककृतींचे पुस्तक नव्हते. चहा आणि बटाटा या दोहोंवर कॉबेटचा राग होता, कारण त्याच्या मते ही मजुराला दुबळे करणारी दारिद्र्याची अन्ने होती. भिंतीवर टांगलेले खारवलेले मांस मजुराला चोरीपासून जितके दूर ठेवील, तितके फौजदारी कायदे ठेवणार नाहीत, असा त्याचा दावा होता. एक अडचण मात्र उरलीच. ज्याच्याजवळ बाग नाही आणि जव घ्यायला पैसा नाही, त्याने डुक्कर कशावर पुष्ट करावे?

८/
आयर्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर बटाट्याने दिले होते. कुटुंब बटाट्यावर जगे आणि लहान, किडके बटाटे व साले डुकराला जात. ते डुक्कर मात्र घरी क्वचितच खाल्ले जाई. ते विकून जमीनदाराचा खंड भरला जाई. म्हणून लोक त्याला थट्टेने ‘भाडे भरणारे गृहस्थ’ म्हणत. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. माणसांना बटाटा उरला नाही, तेथे डुकराला कोठून उरणार? डुक्कर गेले, तसा खंडही थकला आणि असंख्य कुटुंबे घराबाहेर काढली गेली.

९/
इंग्लंडच्या खेड्यांत उत्तर वेगळे होते : उधारी. १८७६ साली जन्मलेल्या फ्लोरा थॉम्पसन यांनी ‘लार्क राइज’ या पुस्तकात ऑक्सफर्डशायरमधील आपल्या वाडीचे १८८० च्या दशकातले जीवन रेखाटले आहे. तेथे मुले शाळेतून येताना डुकरासाठी रानभाजी खुडत आणि गोगलगाई वेचत. रविवारी पाहुणे आले की आधी खुराड्यापाशी जाऊन डुकराची पाठ खाजवीत. पण शेवटच्या महिन्यांतले पीठ उधारीवर येई आणि पुष्कळदा अर्धे डुक्कर कापण्याआधीच सावकाराचे झालेले असे.

१०/
दुसरे भय रोगाचे. एका रात्रीत डुक्कर दगावले की वर्षाची बचत बुडे. यावर मजुरांनी स्वतःच तोड काढली : ‘पिग क्लब’. प्रत्येक सभासद ठरावीक पेन्स भरी, क्लबचा माणूस येऊन डुकराची पाहणी करून नोंद घेई, आणि जनावर मेले तर सामायिक निधीतून भरपाई मिळे. बँकेची पायरी कधीही न चढलेल्या माणसांनी उभारलेला हा पशुविमा होता.

११/
तिसरा अडथळा मालकांचा. मजूर आपल्या डुकरासाठी शेतावरचे धान्य चोरील, या संशयाने अनेक शेतमालक त्याला डुक्कर पाळूच देत नसत. शहरांत कारण निराळे होते. लंडनच्या केन्सिंग्टन भागातील ‘पॉटरीज’ वस्तीत गरीब कुटुंबे श्रीमंतांच्या घरांतले खरकटे गोळा करून डुकरे पोसत. तेथील चिखल, दुर्गंधी आणि पटकी यांमुळे आरोग्य अधिकाऱ्यांनी या व्यवसायाचा पिच्छा पुरवला. घाण खरी होती. पण ती हटवताना कुटुंबांची रोजीही हटत होती, हेही तितकेच खरे होते.

१२/
ज्याला शहराबाहेर हाकलले, त्यालाच युद्धाने सन्मानाने परत बोलावले. ८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये बेकनचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी ‘स्मॉल पिग कीपर्स कौन्सिल’ स्थापन झाली आणि हजारो नवे पिग क्लब निघाले. शिक्षक, कारकून, कारखान्यातले कामगार, ज्यांनी कधी खुराडे पाहिले नव्हते, तेही भागीदारीत डुकरे पाळू लागले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये पोलिसांनीही डुकरे ठेवली होती.

१३/
रस्त्यांवर खरकट्याचे वेगळे डबे ठेवले गेले. टॉटनहॅम भागात नगरपालिकेने ते गोळा करून, उकळून घट्ट खाद्य बनवायला सुरुवात केली. ‘टॉटनहॅम पुडिंग’ या नावाने ते ओळखले जाई. शतकभर ज्या खरकट्याला ‘उपद्रव’ म्हटले गेले, तेच आता राष्ट्रीय संपत्ती झाले. अट एकच होती : ते उकळलेले असावे, कारण कच्च्या मांसाच्या तुकड्यांतून रोगाचे विषाणू जनावरांपर्यंत पोहोचतात.

१४/
ही अट मोडली की काय होते, ते २००१ मध्ये दिसले. फेब्रुवारीत इसेक्समधील एका कत्तलखान्यात आलेल्या डुकरांमध्ये लाळ्या-खुरकत आढळली. तपासाचा माग नॉर्थम्बरलँडमधील एका डुक्करपालन केंद्रापर्यंत गेला. तेथे न उकळलेले खरकटे खाऊ घातले जात होते. साथ आटोक्यात आणताना ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात डुकरांना खरकटे घालण्यावर बंदी आली.

१५/
बंदीमागचे कारण सबळ होते. सहा दशलक्ष मुडद्यांपुढे त्यावर वाद घालणे कठीण. पण तिने जुना हिशेब उलटला. कॉबेटच्या मजुराला पैसा लागे तो शेवटच्या काही महिन्यांच्या जवापुरता. आजच्या नवख्या पाळणाऱ्याला पहिल्या दिवसापासून खाद्याची पोती विकत आणावी लागतात. जंगल, गायरान, परसातली बाग, स्वयंपाकघर, एकेक दार बंद होत गेले, तसे डुक्कर गरिबाच्या हातून निसटत ऐपतवाल्याच्या छंदाकडे सरकले.

१६/
एक दार मात्र उघडे आहे. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्टमध्ये आजही दर शरदात, किमान ६० दिवस, हक्कदार गावकरी आपली डुकरे जंगलात सोडतात. ओकची हिरवी फळे तेथे चरणाऱ्या घोड्यांना आणि गुरांना विषारी ठरतात; डुकरे ती आनंदाने फस्त करतात. डूम्सडेच्या मोजदादीला साडेनऊशे वर्षे होत आली, तरी तेथे हा पॅनेजचा हक्क अजून जिवंत आहे.