कुस्कोतला एक आठवडा आणि चरबीचा प्रश्न

पेरू देशातल्या कुस्को शहरात जन्मलेल्या एका लेखकाची कबर स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात, एका जुन्या मशिदीत आहे. त्या मशिदीचं चर्च १२३६ मध्येच झालं, पण आतल्या लाल-पांढऱ्या कमानी अजून तशाच उभ्या आहेत. लेखकाचं नाव इंका गार्सिलासो दे ला वेगा. जन्म १५३९, मृत्यू १६१६. वडील स्पॅनिश कप्तान, आई इंका राजघराण्यातली.

हे नाव मला सापडलं एका ट्रिपचं प्लॅनिंग करताना. आमच्या टीममधला एक मित्र आणि त्याची बायको पेरूला जाणार आहेत. दोघंही रत्नागिरीकडचे मुसलमान. त्यांच्या अटी दोनच: एका शहरात आठवडाभर निवांत राहायचं, आणि जेवणात डुक्कर किंवा दारू नको. शीट बनवण्याची हौस मला, म्हणून काम माझ्याकडे आलं. ‘खाणं’ या कॉलममध्ये काय लिहायचं ते शोधताना ‘मान्तेका’ हा शब्द पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. आणि या चरबीचा इतिहास शोधत गेलो, तर थेट सोळाव्या शतकात जाऊन पोचलो.

चुलीवरचा पुरावा

१४९२ मध्ये ग्रानादा पडलं आणि स्पेनमधली शेवटची मुस्लिम सत्ता संपली. ‘तुमचा धर्म पाळा’ असं वचन तहात दिलं होतं. ते दहा वर्षंही टिकलं नाही. सक्तीने बाप्तिस्मा झालेल्या मुसलमानांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. कागदावर ते ख्रिस्ती होते, पण त्यांच्यावरचा संशय कायम राहिला.

मनातला धर्म तपासायचा कसा? इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, स्वयंपाकघराकडे पाहिलं. कोण डुक्कर खात नाही, कोण चरबीऐवजी तेलात रांधतं, कोण वाइनला हात लावत नाही, या गोष्टी तक्रारींमध्ये नोंदवल्या जायच्या. तक्रार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असायचा: शेजारी, मोलकरीण, कधी नातेवाईक. ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांचंही हेच होत होतं. ताटात चरबी दिसली की माणूस सुरक्षित.

समुद्रापलीकडच्या नव्या मुलखात तर या लोकांना यायचीच बंदी होती. १५०१ मध्ये गव्हर्नर निकोलास दे ओवांदोला दिलेल्या राजाज्ञेत मुसलमान, ज्यू आणि नव्याने ख्रिस्ती झालेले यांना तिकडे जाऊ देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे जहाजात चढण्याआधी आपलं कूळ ‘शुद्ध’ असल्याचे दाखले द्यावे लागत. १५७० मध्ये लिमात इन्क्विझिशनची कचेरी सुरू झाली आणि कुस्को तिच्या कक्षेत आलं. आपल्याला हे फार लांबचं वाटायचं कारण नाही. पोर्तुगिजांनी गोव्यात हीच यंत्रणा त्याआधी दहा वर्षं, १५६० मध्ये आणली होती.

कुस्कोचा पोरगा ग्रानादात

गार्सिलासो विशीत असताना, १५६० मध्ये, कुस्को सोडून स्पेनला गेला तो परत आलाच नाही. १५६८ मध्ये ग्रानादाजवळच्या आल्पुहारास डोंगरात मोरिस्कोंनी बंड केलं. त्यांची भाषा, कपडे, चालीरीती यांवर नुकतीच बंदी आली होती. हे बंड मोडायला गेलेल्या सैन्यात गार्सिलासो होता आणि तिथेच त्याला कप्तानपद मिळालं. ज्याच्या आईचं राज्य स्पॅनिशांनी बुडवलं, तो स्पॅनिश झेंड्याखाली दुसऱ्या हरलेल्या लोकांशी लढला.

म्हातारपणी त्याने इंकांचा इतिहास लिहिला. पहिला भाग लिस्बनमध्ये १६०९ ला छापून आला. त्याच वर्षी स्पेनच्या राजाने मोरिस्कोंना देशाबाहेर काढायला सुरुवात केली. १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसं हाकलली गेली. आईकडच्या लोकांची आठवण पुस्तकात उतरली त्याच वर्षी, ज्यांच्याशी तो लढला होता ती माणसं बंदरांवर जहाजांची वाट बघत उभी होती.

या पुस्तकात स्पेनहून पेरूत काय काय आलं त्याची मजेदार नोंद आहे: गाई, ऑलिव्ह, द्राक्षं आणि डुकरंही. तो सांगतो की स्पॅनिश लोक डुकरांना ‘कोचे, कोचे’ म्हणून हाकारायचे. ते ऐकून स्थानिकांनी त्या प्राण्याचं नावच ‘कुची’ ठेवलं. क्वेचुआ भाषेत आजही डुकराला तेच म्हणतात. म्हणजे अँडीजमध्ये डुक्कर आलं ते विजेत्यांच्या हाकेसकट.

बंदी माणसांवर, कसबावर नाही

आता गंमत बघा. मुसलमानांना बंदी होती, पण त्यांचं कसब तोवर स्पेनच्या हाडीमाशी भिनलं होतं. ते कोणत्या कचेरीत अडवणार?

१५३४ मध्ये स्पॅनिशांनी इंकांच्या राजधानीवर आपलं कुस्को वसवलं. खाली इंकांच्या घट्ट बसवलेल्या दगडी भिंती, वर स्पॅनिश वाडे. या वाड्यांचे लाकडी, झाकलेले, जाळीदार सज्जे बघा. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतली माणसं दिसत नाहीत. ही रीत आंदालुसियाच्या मुस्लिम कारागिरांकडून आली. तिला ‘मुदेहार’ शैली म्हणतात. कुस्कोजवळच्या आंदावायलियास गावातल्या चर्चचं रंगवलेलं लाकडी छतही त्याच वळणाचं आहे.

भाषेतही तेच. गवंडी म्हणजे ‘आल्बान्यिल’, महापौर म्हणजे ‘आल्काल्दे’, तेल म्हणजे ‘आसेइते’. तिन्ही शब्द मूळचे अरबी. आल्काल्दे तर आपल्या ओळखीचा काझीच. ‘असं होवो’ म्हणायचं असेल तर ‘ओहाला’, त्यातही अल्ला दडलेला आहे. साखरेला ‘आसुकार’. हा शब्द संस्कृतमधल्या शर्करेचा, फारसी-अरबीतून गेलेला, म्हणजे आपल्या साखरेचा चुलतभाऊ. दुकानात दोन बिस्किटांमध्ये गोड दाट सारण भरलेला ‘आल्फाहोर’ मिळतो. त्याचं नावही अरबी, अर्थ ‘सारण’.

आता शीट

कुस्को सुमारे ३४०० मीटरवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी उंची कमीच भरेल. म्हणून पहिले दोन दिवस थेट उरुबांबाच्या खोऱ्यात, साधारण २८०० मीटरवर. तिथे झोपा काढायच्या, मुन्या नावाच्या पाल्याचा चहा प्यायचा, मारासची मिठागरं बघायची.

तिसऱ्या दिवशी कुस्को. त्या दिवशी फक्त गार्सिलासोचं घर. तिथे आता संग्रहालय आहे. चौथ्या दिवशी कोरिकांचा, म्हणजे इंकांचं सूर्यमंदिर, ज्याच्यावर चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम पडलं, खालच्या इंका भिंती उघड्या पडल्या आणि शाबूत निघाल्या. पाचव्या दिवशी कॅथेड्रल. तिथे मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराने अठराव्या शतकात येशूचं शेवटचं भोजन रंगवलं आणि ताटात भाजलेला कुई, म्हणजे गिनीपिग, ठेवला. परक्या धर्माच्या जेवणात त्याने आपल्या घरचं ताट वाढलं. सहावा दिवस आंदावायलियासचा. सातवा मोकळा, सान पेद्रो बाजारात फळांचा रस पीत काढायचा.

आणि खाणं. मांस हलाल पद्धतीने कापलेलं असेल असं धरून चालू नये, त्यामुळे मासे आणि भाज्या बऱ्या. त्रुचा म्हणजे ट्राउट मासा सगळीकडे मिळतो. किन्वाचं सूप, चीजसोबत उकडलेलं मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस, आणि बटाटे, तेही कितीतरी रंगांचे. आपल्या वड्यातला बटाटा मूळचा याच डोंगरांतला. ‘चिचा मोरादा’ हे जांभळ्या मक्याचं सरबत चालेल. ‘चिचा दे होरा’ आंबवलेली असते, ती नको. तामाल दिसायला साधा, पण त्यात चरबी असू शकते. सूपचं पाणी कशाचं आहे तेही विचारायचं. ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी, ते चालतं. ‘मान्तेका’ नाही. पाठ करायचं वाक्य एकच: ‘सिन चांचो, सिन मान्तेका, सिन आल्कोहोल’. म्हणजे डुकराशिवाय, चरबीशिवाय, दारूशिवाय.

याच वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. ‘यात चरबी आहे का?’ हा प्रश्न त्या काळी कुस्कोत मोठ्याने विचारणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणं होतं. आज वेटर आत जाऊन विचारून येईल, फार तर जरा गोंधळेल. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला. पुण्यात फ्लॅट शोधताना ‘घरात काय शिजवता?’ हा प्रश्न त्याला नावाच्याही आधी विचारला गेला होता. तिथे काही इन्क्विझिशन नव्हतं. एक घरमालक होता आणि त्याचं सौम्य हसू होतं. मित्राने फ्लॅट दुसरीकडे घेतला. शेजाऱ्याच्या चुलीवरून माणूस ओळखायची सवय जुनी आहे, आणि ती राबवायला नेहमी कचेरी लागतेच असं नाही.

१९७८ मध्ये स्पेनच्या राजाने गार्सिलासोच्या अवशेषांचा काही भाग कुस्कोला परत दिला. कॅथेड्रलला लागूनच असलेल्या त्रिउन्फो चर्चमध्ये तो ठेवला आहे. बाकीचा अजून कोर्दोबात, त्या कमानींखाली. शीटमध्ये पाचव्या दिवसासमोर मी ‘त्रिउन्फो, अर्धा तास’ असं लिहिलंय. त्यानंतर जेवण: त्रुचा, बटाटे, चिचा मोरादा.