खाटेपाशी सुरू होणारे शास्त्र : प्रस्तावना

कर्करोग आणि रक्तविकार यांवर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक रुग्णाची झुंज सांगणारे, दुसरे ‘हे खा, ते टाळा’ असा सल्ला देणारे. दोन्हींची गरज आहेच. पण हे रोग ओळखायचे कसे, त्यांवर इलाज शोधायचा कसा आणि तो पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा कसा, हे सारे जिथे एकाच छपराखाली चालते त्या अध्यापन रुग्णालयांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. हा ग्रंथ त्या जागेविषयी आहे. वैद्यकाचा विद्यार्थी, परिचारिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि ज्याच्या घरात हा आजार येऊन गेला आहे असा जिज्ञासू वाचक, या चौघांना डोळ्यांपुढे ठेवून तो रचला आहे. त्यांचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना.

रक्ताचे आजार आणि गाठींचे कर्करोग एकत्र का शिकवायचे, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर इतिहासात आहे. स्तनातली वा जिभेवरची गाठ शल्यविशारदाला कापून काढता येते. रक्ताच्या कर्करोगात सुरी चालवायची कुठे? तिथे औषध शोधण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय रक्ताची एक मोठी सोय आहे. ते सुईने काढता येते, काचपट्टीवर पसरून रंगवता येते, पेशी मोजता येतात आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच करून औषधाचा गुण आला की नाही हे ताडता येते. म्हणून कर्करोगावरच्या औषधांचे शास्त्र आधी रक्ताच्या वॉर्डात उभे राहिले आणि मग इतर वॉर्डांत गेले.

त्या शास्त्राचा एक धागा मुंबईतून निघतो. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक वेगळाच पांडुरोग होत होता. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत काम केले, या स्त्रियांचा आहार तपासला आणि अखेर यीस्टच्या साध्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा पांडुरोग हटतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी त्याच्यासारखीच दिसणारी रसायनेही बनवली. बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर यांनी त्यांतले अमिनोप्टेरिन रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले. दहा मुलांचा आजार काही काळ हटला. १९४८ साली हे छापून आले. सुधारणा टिकली नाही, पण हा आजार औषधाने मागे सरतो हे पहिल्यांदा दिसले. आजही मुलांच्या रक्तकर्करोगात वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट याच घराण्यातले.

या हकिकतीत कुणी ‘कर्करोगावर औषध शोधू’ म्हणून सुरुवात केलेली नाही. सुरुवात झाली ती समोरच्या रुग्णाला नेमके काय झाले आहे, या प्रश्नातून. उपचार, संशोधन आणि अध्यापन ही तीन वेगळी खाती मानली की हा प्रश्न हरवतो. ती एकाच कामाची तीन अंगे आहेत, ही या ग्रंथाची भूमिका आहे.

परळनेच ती पुढेही पटवून दिली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. तसे उपचार आपल्या देशात मिळावेत, या इच्छेतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. शेजारी १९२६ पासून केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय होतेच. टाटाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आपल्याकडचे कर्करोग पाश्चात्त्य पुस्तकांत न शोधता आपल्या माणसांच्या सवयींत शोधले. तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखू चघळण्याशी असलेला संबंध त्यांनी मांडला. कमरेला धोतर घट्ट कसून नेसणाऱ्यांत त्याच पट्ट्यावर होणारा त्वचेचा कर्करोगही त्यांनी नोंदवला. १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा घडवली.

त्याच १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेला एक विलक्षण रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवला. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ वाटतो. पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्या माणसाला चालत नाही, कारण ‘ओ’च्या पेशींवर असणारा एच हा घटकच त्याच्याकडे नसतो. जगभर तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. जुळत नसलेल्या रक्ताकडे ‘चाचणी चुकली असेल’ म्हणून काणाडोळा झाला असता, तर हा शोध लागला नसता. केईएमच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्था. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांच्या निदानासाठी देशभरातले नमुने तिथे येतात.

जुन्या काळाचे हे पोवाडे नव्हेत. प्रश्न आपल्या रुग्णांतून उचलण्याची ती रीत आजही चालू आहे, आणि तिची उत्तरे जगाला उपयोगी पडतात. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला, तर मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की वाट पाहावी, यावर दशकानुदशके वाद होता. टाटाच्या चाचणीने २०१५ साली तो मिटवला: आधीच काढल्यास तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. निव्होल्युमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध आपल्याकडच्या बहुसंख्यांना परवडत नाही. म्हणून तिथल्याच डॉक्टरांनी रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, मात्रा स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिली. डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. श्रीमंत देशातल्या कंपनीला ‘कमी औषध पुरते का?’ हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. तो गरीब रुग्णाच्या डॉक्टरलाच पडतो.

रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही हे काम गेले. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या पायावर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्याने २००९ साली दाखवले. या अभ्यासावर पुढे कठोर टीकाही झाली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांतल्या स्त्रियांची तपासणी झाली नव्हती. हे नैतिक होते का, असा टीकाकारांचा सवाल होता. त्या काळी त्या भागात तपासणीची सोय कुणालाच नव्हती, असे संशोधकांचे उत्तर. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू मुळातून वाचाव्यात. संमतीपत्रावर अंगठा घेणे आणि संमती घेणे यांतले अंतर त्याशिवाय कळत नाही.

रक्तविकारांच्या बाबतीत आपला मोठा ऋणभार विदर्भाकडे आणि सातपुड्याकडे आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एकच अमिनो आम्ल बदलते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेलचे हे रहस्य १९५० च्या दशकात उलगडले. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलाला त्याचा लाभ मिळायला फार काळ लागला. भारतातला सिकलसेल सौम्यच असतो, असा समज पुस्तकांत होता. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तेव्हा पुनःपुन्हा दुखण्याने तळमळणारी, रक्त भरावे लागणारी मुले कमी नाहीत हे दिसले. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी नियमित दिली तर त्यांचे दुखणे पुष्कळ कमी होते. २०२३ साली केंद्र सरकारने २०४७ पर्यंत या आजाराच्या उच्चाटनाचे ध्येय जाहीर केले. ते गाठायचे तर तपासणी करणारा तंत्रज्ञ आणि गोळी चुकू न देणारी आशाताई, या दोघांचे शिक्षणही वैद्यकीय महाविद्यालयांनी आपले मानले पाहिजे.

शिक्षणाचा रस्ता लांब आहे. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, एमडी तीन, त्यावर डीएम तीन. साडेअकरा वर्षांनी एक रक्तविकारतज्ज्ञ तयार होतो, तोही मधली प्रवेशपरीक्षा पहिल्या फटक्यात साधली तर. यातले खरे शिक्षण व्याख्यानात कमीच होते. सकाळच्या राऊंडला हाऊसमनने केस मांडताना, दोघांनी मिळून पाहायच्या सूक्ष्मदर्शकाखाली गुरुजींनी एक पेशी दाखवताना, ट्युमर बोर्डात शल्यविशारद, रेडिएशनवाले आणि केमोवाले एकाच रुग्णावर भांडताना ते होते. कमरेच्या हाडातून मज्जा काढताना किती दुखते, हे पुस्तक सांगत नाही. रुग्णाचा हात धरून उभ्या असलेल्या सिस्टरला ते माहीत असते.

तिच्यासारख्या आणखी कितीकांवर हे शास्त्र उभे आहे. मुलांच्या रक्तकर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. पेरणी आली, पैसे संपले, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नाही, म्हणून उपचार अर्धवट सुटला तर सर्वोत्तम औषधही निकामी. अशा वेळी योजनेचे कागद करून देणारे समाजसेवा अधीक्षक आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा निवारा यांचा वाटा औषधाइतकाच असतो. ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांच्या वेदना शमवणे हेही शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम आहे. या ग्रंथात त्याला शेवटी न ढकलता मध्यावर जागा दिली आहे.

१९८३ साली टाटामध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये, पवईच्या आयआयटीत घडलेल्या आणि टाटाच्या रुग्णांवर पारखलेल्या पहिल्या देशी कार-टी उपचाराला परवानगी मिळाली. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, त्यांना कर्करोगपेशी ओळखायला शिकवून, त्या परत देण्याची ही पद्धत. अमेरिकेतल्या किमतीच्या मानाने ती कितीतरी स्वस्त आहे, तरी सामान्य घराला महागच. ती स्वस्त आणि सोपी कशी करावी, हा प्रश्न आज शिकणाऱ्यांसाठी मोकळा आहे.

ग्रंथातले प्रत्येक प्रकरण म्हणूनच एका रुग्णाच्या तक्रारीने सुरू होते, मग निदान, उपचार आणि अखेर अनुत्तरित प्रश्न येतात. विद्यार्थ्यांनी ते अखेरचे प्रश्न आधी वाचावेत आणि आपल्या वॉर्डात त्यांची उत्तरे शोधावीत. इतर वाचकांना एक विनंती. आपण किंवा आपले माणूस अध्यापन रुग्णालयात दाखल असताना, दोनदा सांगून झालेली हकिकत तिसऱ्यांदा विचारायला एखादा विद्यार्थी वही घेऊन आला, तर त्याला परत पाठवू नका. या शास्त्राला जे काही सापडले आहे, ते अशी हकिकत कुणीतरी सांगितली आणि कुणीतरी नीट ऐकली म्हणूनच.