गाणे कुणाचे?

लोकप्रिय गाण्यामागे एक कहाणी असते, आणि लोक ती कहाणी गाण्याइतकीच गोड करून सांगतात. कवीला कोठे तरी काही दिसले, त्याचे डोळे भरून आले, त्याने खिशातल्या कागदावर चार ओळी खरडल्या आणि गाणे झाले! अशा कहाण्या ऐकताना इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे सावध असावे हे खरे; परंतु त्या अगदीच उडवून लावू नयेत असेही मला वाटते. गाणे कसे जन्मले हे कहाणीवरून नेहमी कळतेच असे नाही. लोकांनी ते आपलेसे का केले, हे मात्र तिच्यावरून नेमके कळते.

आमच्या ठाण्यापुरते बोलायचे तर अशा कहाण्यांचे धनी एकच, कै. पी. सावळाराम. मी खोपटला राहतो. येथील एस. टी. आगारातून देशावर आणि कोकणात जाणारी माणसे रोज दिसतात. त्यांतल्या कित्येकांना सावळारामांची पाच-सहा गाणी तोंडपाठ असतील. परंतु या कवीने आपली हयात याच ठाण्यात काढली, इतकेच नव्हे तर १९६० च्या दशकात ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्षपदही भूषविले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचे खरे नाव निवृत्तीनाथ रावजी पाटील. जन्म ४ जुलै १९१४ चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातील येडेनिपाणी या गावचा. क्रांतिसिंह नाना पाटलांचा तालुका तो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर त्या काळी पहिले काव्य पडे ते पुस्तकातले नव्हे, जात्यावरचे. पहाटे आई दळायला बसली की माहेर, भाऊ, सासर, पंढरी हे सारे घरघरीच्या ठेक्यावर ओवीतून येई. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात गोळा केल्या. पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून केलेला संग्रह तर एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. परंतु या संग्रहाचे काम चालू होते तेव्हा जाते मुके होऊ लागले होते. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, बाईचे कष्ट हलके झाले आणि त्याबरोबर तिचे गाण्याचे ठिकाणही गेले. कष्ट गेले याचे दुःख कोण करील? पण मन मोकळे करायची जागा गेली, ती भरून निघायला हवी होती.

ती जागा काही अंशी भरून काढली ग्रामोफोनच्या तबकडीने आणि रेडिओने. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती लाखेची तबकडी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. ओवीला अंत नसतो, दळण संपेपर्यंत ती चालते. तबकडीला मात्र ध्रुवपद आणि तीन-चार अंतरे, यांत सारा संसार बसवावा लागे. कवी सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि गायिका लता मंगेशकर या तिघांनी हे काम १९५० च्या आसपास अशा सहजतेने केले की, घराघरांतल्या बायकांना आपलेच बोलणे कोणी तरी सुरात परत करीत आहे असे वाटले.

आता कहाण्यांकडे येऊ. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ या गाण्याची कहाणी अशी सांगतात की, सावळाराम एका रेल्वे फलाटावर उभे होते. शेजारी एक आई नव्या नवरीला निरोप देत होती. मुलगी रडायची थांबेना. गाडी सुटायची वेळ झाली तशी आईने स्वतःचे रडू आवरले आणि, ज्या घरी तुला दिले तिथे सुखाने नांद, अशा अर्थाचा आशीर्वाद दिला. कवीने तोच शब्द उचलला.

या कहाणीतला फलाट मला महत्त्वाचा वाटतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली ती ठाण्याला. पूर्वी लेक सासरी निघाली की गावची वेस येईपर्यंत माणसे बैलगाडीबरोबर चालत. रडायलाही अवधी असे. आगगाडी हा अवधी देत नाही. शिट्टी झाली की निरोप संपला. आईने जे बोलायचे ते अर्ध्या मिनिटात बोलावे लागते, आणि असे घाईत बोललेले वाक्य आपोआप गाण्याच्या ध्रुवपदासारखे आटीव होते. सावळारामांनी ते ओळखले, यात त्यांची प्रतिभा आहे.

दुसरी कहाणी ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ या गाण्याची. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी गेले, तेव्हा थोरली लता तेरा वर्षांचीही नव्हती. पुढे तिच्या यशाला सीमा राहिली नाही. ते पाहायला वडील मात्र नव्हते. हे मनात धरून सावळारामांनी हे गाणे लिहिले, असे सांगतात. आणि गाण्यातली लेक जो सल बोलून दाखवते, तो गाणारीचा स्वतःचाच होता. ज्यांना ही हकीकत ठाऊक नाही त्यांनाही ते गाणे आपल्याच बापाचे वाटते. एकीचे दुःख सर्वांचे करणे हे तर ओवीचेच काम!

तिसरे गाणे ‘लेक लाडकी या घरची’. १९६० च्या ‘कन्यादान’ या चित्रपटातले. येथे निरोप देणारी आई बोलत नाही, सासरी जाणारी मुलगीच बोलते, आणि तेही रडत नव्हे, आनंदाने.

ही तीन गाणी एकापुढे एक ठेवली की एक प्रश्न मनात येतो, आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जात्यावरची बाई आई-बापांवर रागावतही असे. कसल्या घरी मला दिले, असा जाब ती ओवीत खुशाल विचारी. सावळारामांच्या गाण्यात तो जाब नाही. तेथे आशीर्वाद आहे, आठवण आहे, हौस आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. त्याच सुमारास घरोघरी वाजणारे गाणे मात्र तिला सुखाने नांदायला सांगत होते. मग या गाण्यांनी बायकांना गप्प बसायला शिकवले काय? माझे मत तसे नाही. ज्या घरात मुलीसाठी उघडपणे रडणे पुरुषाला शोभत नसे, त्या घरात रेडिओपुढे बसलेला बाप या गाण्याने डोळे पुसू लागला. मुलगी म्हणजे परक्याचे धन असे तोंडाने म्हणणाऱ्याला तिचे जाणे आतून जाळते, हे या गाण्यांनी चारचौघांत कबूल करविले. जाबाची जागा त्यांनी भरली नाही, हे खरे. त्यासाठी पुढच्या काळातल्या लेखणी यायच्या होत्या, आणि त्या आल्या.

अमेरिकेत ज्याला कंट्री संगीत म्हणतात, म्हणजे तिकडची खेड्यांतली गाणी, त्यांचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. व्हर्जिनियाच्या डोंगरातला ए. पी. कार्टर १९२७ साली ब्रिस्टल गावी आपल्या घरच्यांसह व्हिक्टर कंपनीसाठी गायला. कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला जो कुत्रा आपल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांवर होता, तोच व्हिक्टरच्या तबकड्यांवरही होता. हा कार्टर पुढे लेस्ली रिडल या काळ्या गिटारवादकाला बरोबर घेऊन दऱ्याखोऱ्यांतून हिंडला. कार्टर शब्द टिपून घेई आणि रिडल चाली ध्यानात ठेवी. अशी जमविलेली कितीतरी गाणी कार्टरच्या नावावर नोंदली गेली. तिकडे पुष्कळांची गाणी एकाची झाली. आपल्याकडे नेमके उलटे घडले: एकाची गाणी सर्वांची झाली.

खोपटच्या एका लग्नात बँडवाल्यांनी पाठवणीच्या वेळी ‘गंगा जमुना’ची चाल धरली. शेजारी डोळे पुसत उभ्या असलेल्या म्हातारीला मी विचारले, “मावशी, हे गाणं कुणाचं हो?” त्या माझ्याकडे नवलाने पाहत म्हणाल्या, “कुणाचं म्हंजे? आमच्या आईपासनं चालत आलंय. असलं गाणं कुनी लिवतंय व्हय, बाबा!”

कवीला याहून मोठे मानपत्र कोणते मिळणार? पण याच मानपत्रात कवीचे नाव पुसलेले असते, हेही विसरून चालणार नाही. गायिकेचा आवाज ओळखू येतो, चाल ओळखू येते. शब्द मात्र हवेतून आल्यासारखे वाटतात. गीतकाराला त्याच्या गाण्याच्या मानधनातला वाटा कोणालाही हिरावून घेता येऊ नये, अशी दुरुस्ती आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झाली. सावळारामांना २१ डिसेंबर १९९७ रोजी जाऊन तोवर चौदा वर्षे उलटली होती. वसंत प्रभू तर १९६८ सालीच गेले होते.

ठाण्याने आपल्या या कवीच्या नावाने पुरस्कार ठेवला, ‘जनकवी’ म्हणून त्यांची आठवण जपली, हे योग्यच झाले. परंतु पुरस्कार वर्षातून एकदा दिला जातो, आणि पाठवणी प्रत्येक तिथीला होते. पुढच्या लग्नसराईत बँडवाल्यांनी ती चाल धरली, तर शेजारी उभ्या असलेल्या पोरासोरांना एवढे सांगावे की हे शब्द पी. सावळाराम नावाच्या माणसाने लिहिले. तो वाळव्याकडचा होता आणि ठाण्यात राहत होता. गाणे सर्वांचे आहेच. नाव तेवढे त्याचे त्याला परत द्यावे.