पायडल आणि मोटर : श्रमाच्या इतिहासाचे एक टिपण

साधी सायकल आणि विजेची सायकल यांची तुलना आपण सहसा वेग, किंमत आणि चार्जिंग या मुद्द्यांवर उरकतो. रोजच्या जाण्यायेण्यात श्रम कोणाचे, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. आम्हांला ही तुलना त्या अंगाने तपासावीशी वाटते.

विजेच्या सायकलीची कल्पना नवी नव्हे. मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट ऑग्डेन बोल्टन यांना अमेरिकेत १८९५ सालीच मिळाले होते. परंतु बॅटरीच्या वजनापुढे ही कल्पना दीर्घकाळ अडून राहिली.

दरम्यान ‘सायकलींचे शहर’ म्हणवणाऱ्या पुण्यात वेगळेच वळण आले. १९७२ साली कायनेटिकची लूना आली. तिला पेट्रोलचे इंजिन होते आणि पायडलही होते. इंजिन सुरू करायला, प्रसंगी चढावर हातभार लावायला. पेठांपुरते असलेले शहर कात्रज, वारजे, पाषाणपर्यंत पसरत गेले, तसा सायकलीचा घाम अनेकांना नकोसा झाला. पुढे स्कूटर आणि मोटारसायकलीने पायडलच नाहीसे केले. एके काळी प्राध्यापक आणि कामगार दोघेही सायकलवर दिसत. आता ती प्रामुख्याने ज्यांना दुसरा पर्याय नव्हता त्यांच्याकडे उरली.

१९९३ साली यामाहाने जपानमध्ये आणलेल्या ‘पास’ सायकलीने हे नाते उलटे केले. पायडलवर पडणारा जोर मोजून मोटर त्या प्रमाणात साथ देऊ लागली. लूनात पाय इंजिनाच्या मदतीला होते. इथे मोटर पायांच्या मदतीला आली. भारतात मात्र विजेच्या अनेक सायकलींना थ्रॉटलही असतो. तो पिळला की पायडल शोभेपुरते उरते, आणि आपण पुन्हा लूनाच्याच वाटेला लागतो. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या अशा वाहनाला कायदा मोटार वाहन मानत नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा प्रश्न यंत्राचा कमी आणि वाटपाचा अधिक आहे. मोटरच्या साथीची सर्वाधिक गरज आहे ती जड लोखंडी सायकल रेटत पहाटे पेपर टाकणाऱ्याला, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या वॉचमनला. विजेच्या सायकलीची किंमत साध्या सायकलीच्या कितीतरी पट असल्याने ती साथ आधी पोहोचते, ती ज्याच्या दारात दुसरे वाहन उभे आहे त्याच्याकडे. श्रम हलके करणाऱ्या साधनाचा इतिहास लिहिताना, ते कोणाच्या पायांपर्यंत आलेच नाही, याचीही नोंद आपण ठेवायला हवी.