अनुच्छेद 324 : नेमणुकीच्या खंडापाशी थांबून

खंड (1) : मतदार याद्या तयार करणे व निवडणुका घेणे
यादी आधी, मतदान नंतर. हा क्रम फार मोलाचा आहे. संविधानाच्या मूळ मसुद्यात प्रांतांसाठी वेगळे निवडणूक आयोग होते. काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या रहिवाशांची नावे यादीतून गाळली जात असल्याचे मसुदा समितीच्या कानी आले. म्हणून आंबेडकरांनी 15 जून 1949 रोजी संविधान सभेत एकाच केंद्रीय आयोगाची तरतूद मांडली. मतपेटीपर्यंत पोहोचण्याआधीच माणूस वगळला जाऊ शकतो, ही जाण या खंडाच्या मुळाशी आहे. धर्म, वंश, जात वा लिंग एवढ्याच कारणावरून कोणाला यादीबाहेर ठेवू न देणारा अनुच्छेद 325 याच्या जोडीनेच वाचावा.

‘अधीक्षण, निदेशन व नियंत्रण’
आयोगाच्या या अधिकाराची हद्द सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी आखली. 1977 मध्ये फिरोजपूर मतदारसंघात मतमोजणीच्या वेळी दंगल झाली आणि आयोगाने अख्खे मतदान रद्द केले. मोहिंदर सिंग गिल खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की कायदा गप्प असेल तिथे आयोगाला या अनुच्छेदाचा आधार आहे. मात्र केरळातील परूरमध्ये 50 केंद्रांवर यंत्राने घेतलेले मतदान 1984 मध्ये न्यायालयाने अवैध ठरवले. कायद्याला तेव्हा मतपत्रिकाच अभिप्रेत होती आणि कायदा बोलतो तिथे आयोगाला तो ओलांडता येत नाही.

खंड (2) : संसदेच्या कायद्याच्या अधीन राहून राष्ट्रपतींकडून नेमणूक
माझ्या मते साऱ्या अनुच्छेदाचे मर्मस्थान हेच. मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश बहुमताची संमती हवी, असा संविधान सभेचे सदस्य शिब्बनलाल सक्सेना यांचा आग्रह होता. अयोग्य माणूस नेमला जाण्यापासून या तरतुदीत संरक्षण नाही, हे आंबेडकरांनीही मान्य केले होते. तरीही निवडीच्या पद्धतीचा कायदा सात दशके झालाच नाही. नावे सरकारच ठरवत राहिले. 2 मार्च 2023 रोजी अनूप बरनवाल खटल्यात न्यायालयाने कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांची समिती नेमली. त्याच डिसेंबरात कायदा आला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री बसला. तिघांत दोघे सरकारचे. कायदा करण्याचा अधिकार संसदेचा, यात वाद नाही. पण ज्याच्या सत्तेची परीक्षा व्हायची, त्याच्याच हाती परीक्षकाची निवड राहिली, तर खंड (1) ने दिलेले स्वातंत्र्य खंड (2) मध्येच गळून जाते.

खंड (5) : पदावरून दूर करणे
मुख्य आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके संरक्षण. इतर आयुक्तांना मात्र मुख्य आयुक्ताच्या शिफारशीवरून काढता येते. ऑक्टोबर 1989 मध्ये नेमलेल्या दोन आयुक्तांची पदेच 1 जानेवारी 1990 रोजी रद्द झाली. आयोगातील तिघांच्या मताचे वजन सारखे, तर संरक्षणही सारखेच हवे.

खंड (6) : कर्मचारी
आयोगाने मागितल्यावर राष्ट्रपतींनी वा राज्यपालांनी कर्मचारी द्यायचे. निवडणूक काळात शिक्षक, तलाठी आणि पोलीस आयोगाच्या शिस्तीखाली येतात, ते 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 28 अ मुळे.